सिपाही की मुंग्या

वहिनी, तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले आणि मी अजून तुमच्याशी भांडतोच आहे. परवा दवाखाना पुन्हा उघडला. दुपारी घरी आलो, पाय धुतले, माडीवर गेलो आणि खिडकीपाशी उभा राहून तोंडातल्या तोंडात म्हणालो, ‘बरं, समजा तुमचंच खरं.’ मग गप्प झालो, कारण पुढचं वाक्य तुमचं असायचं. खाली सुमन भांडी आवरत होती. आपला नवरा हल्ली दुपारचं स्तोत्र म्हणायला लागलाय, असं तिला वाटतं. वाटू दे.

हे एवढं लांबलचक मराठी मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय. तुम्ही पाहिलं असतं तर म्हणाला असता, ‘भावजी, अक्षर हाय का कोंबडीचे पाय?’ माझं सगळं शिक्षण उर्दूत. नांदेडच्या शाळेत उर्दू, हैदराबादच्या मेडिकल स्कूलमध्ये उर्दू; माणसाच्या अंगातली हाडंसुद्धा मी उर्दूतच पाठ केली. मराठी वाचायला मला तुम्ही शिकवलंत. दादाशी लग्न होऊन तुम्ही या घरात आलात तेव्हा तुम्ही पंधरा वर्षांच्या होतात आणि मी, तुमचा धाकटा दीर, नऊ वर्षांचा. तुमचे वडील अहमदपुरात घराच्या ओसरीवर मराठी शाळा चालवायचे. सरकारची परवानगी मिळेना म्हणून ती बंद पडली, पण तिच्यातली चार पुस्तकं आणि एक पाटी तुमच्या पेटीतून नांदेडला आली. संध्याकाळी चुलीपाशी बसवून तुम्ही मला अक्षरं गिरवायला लावायच्या. दादा तहसील कचेरीतून आला की चिडवायचा, ‘हिला नवरा पायजे होता का विद्यार्थी?’ तुम्ही भाकरी थापता थापता म्हणायच्या, ‘नवरा दिवसभर कचेरीत असतो. विद्यार्थी तरी घरी हाय.’

मी डॉक्टर होऊन परत आलो तेव्हा सोबत पितळेची जुनी खुर्दबीन आणली, माझ्या उस्तादांनी दिलेली. काचेखालची वस्तू शेकडो पट मोठी दिसते, हे सांगितल्यावर घरातल्या प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. दादानं तिला लांबूनच नमस्कार केला. पुढं माझं लग्न होऊन सुमन आली, तिनं तिला भुताची डबी म्हटलं आणि आजही तेच म्हणते. तुम्ही पदराला हात पुसत आलात, डोळा लावलात, काहीच दिसेना म्हणून आरसा खिडकीच्या उन्हाकडं तुम्हीच फिरवलात, आणि म्हणालात, ‘आता दिसून राहिलंय. काय हाय हे, मराठीत सांगा.’ माझी पंचाईत झाली. मला मराठीत सांगता येईना. तुमच्याच बोटातून काढलेला रक्ताचा थेंब होता तो. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, हे शब्द आपण दोघांनी मिळून त्या दुपारी ठरवले.

तिथून ती दुपारची सवय लागली. तुमचं जेवणखाण आवरलं की तुम्ही अर्धा तास माडीवर यायच्या. काही दिवस हिवतापाचे जंतू पाहिले, मग कंटाळलात. म्हणालात, तेच तेच हाय. मग मी तुम्हाला सरतानचे, म्हणजे कर्करोगाचे, तुकडे दाखवायला लागलो. आपल्याकडं तंबाखू-चुन्याची गोळी दिवसभर एकाच गालात धरून ठेवणारे कमी नाहीत. त्यांच्यातल्या काहींच्या गालाला आतून जखम होते, ती भरत नाही, कडा कडक होतात. अशा जखमेचा छोटा तुकडा काढून मी औषधाच्या बाटलीत घालून रेल्वेनं हैदराबादला उस्तादांकडं पाठवायचो. ते त्याचे कागदापेक्षा पातळ काप करून, रंग देऊन, काचेवर बसवून कापसात गुंडाळून परत धाडायचे. पहिली काच तुम्ही पाहिलीत आणि खाली जाऊन दादाची चुन्याची डबी लपवलीत. तीन दिवस घरात रणकंदन. चौथ्या दिवशी दादानं दुसरी डबी आणली आणि ती कचेरीत ठेवायला लागला.

त्या काचेवरच आपलं भांडण सुरू झालं. सरतानच्या पेशींच्या काठानं जांभळ्या ठिपक्यांची दाटी होती. तुम्ही विचारलंत, ‘ही गर्दी कसली हो?’

मी ऐटीत सांगितलं, ‘त्या पांढऱ्या पेशी. रक्तातले सिपाही. कुठं शत्रू शिरला की पळत येतात. सूज, लाली, ताप, ही सगळी त्यांची लढाई.’

‘ज्याचा तुकडा हाय तो माणूस बरा झाला का?’

‘न्हाई. चार महिन्यांत गेला.’

‘एवढे सिपाही असून?’

‘हरले बिचारे.’

तुम्ही पुन्हा डोळा लावलात. मग म्हणालात, ‘हरलेल्यावानी दिसत न्हाईत. चांगले निवांत बसलेत.’

मी हसलो. मी फार हसायचो तेव्हा. मेडिकल स्कूलचा शिक्का बसलेला माणूस, वय पंचवीस, त्याला ओसरीवर शिकलेली वहिनी शंका विचारते म्हणजे काय! तुम्ही वाद तिथं सोडला नाहीत. आठवड्याभरानं मला हाताला धरून परसात नेलंत. घेवड्याच्या वेलावर बारीक किड्यांचा मावा पडला होता आणि त्याच्यावर काळ्या मुंग्यांची ही रीघ. दादा तिथंच उभा होता, खूश होऊन म्हणाला, ‘बरं झालं, मुंग्या आल्या. खातील आता मावा.’ तुम्ही एक पान उलटं करून माझ्या डोळ्यांपुढं धरलंत.

‘खात न्हाईत त्या. राखतात. माव्याच्या अंगातून गोड रस निघतो, तो चाटतात. आन् एक कोंब वाळला की मावा उचलून दुसऱ्या कोंबावर नेऊन ठिवतात. आमच्या करडईत मी लहानपणापासून बघितलंय.’

‘म्हणजे माणसाच्या अंगात मुंग्या असतात म्हणता?’

‘असं कुठं म्हणले मी? गर्दी जमली म्हणून ती मारायलाच आली, हे कशावरून, एवढंच इचारून राहिले.’

वहिनी, त्या प्रश्नाला पुढं दहा वर्षं मी उत्तरं देत राहिलो. पुस्तकं काढली, उस्तादांच्या तासाच्या वह्या काढल्या. त्यात असंही लिहिलेलं होतं की एकाच जागी वर्षानुवर्षं आग होत राहिली, सूज येत राहिली, तर तिथं सरतान उगवतं. तंबाखूवाल्याचा गाल त्याचंच उदाहरण. मी ते वाचून दाखवलं तर तुम्ही तेच माझ्यावर उलटवलंत. सुजेतूनच हे उगवत असेल तर सूज त्याची वैरीण कशी, म्हणालात. मी म्हणालो, उगवणं वेगळं आणि पसरणं वेगळं. तुम्ही म्हणालात, शेत वेगळं न्हाई ना.

मग एक बाई आली, देगलूरकडची. तिच्या ओठाची जखम मी काढली, काच आली, तिच्यावर पांढऱ्या पेशींची तशीच दाटी. ती बाई बरी झाली. अजून वर्षाला येते आणि भुईमुगाच्या शेंगा देऊन जाते. मी ती काच मिरवत तुमच्यापुढं ठेवली, की बघा, इथं सिपाही जिंकले. तुम्ही पाहिलीत आणि अगदी सरळ कबूल केलंत. ‘मग काही सिपाही असतील, काही मुंग्या. नायतर एकच असतील, आन् त्यान्ला कवा काय करावं वाटतं ते आपल्याला कळत नसंल.’ हे मी उस्तादांना पत्रात कळवलं. त्यांनी उत्तर दिलं की प्रश्न उत्तम आहे, आपल्याजवळ उत्तर नाही, ज्या बाईंनी विचारला त्यांना सलाम सांगा. ती ओळ तुम्ही माझ्याकडून तीनदा वाचून घेतलीत. उर्दू तुम्हाला वाचता येत नव्हती. पण कागदावर ती ओळ नेमकी कुठं आहे ते विचारून तिथं बोट ठेवलंत.

तुमची आणखी एक शंका होती, आणि आज मला तिच्यापाशीच फार वेळ थांबावं लागतं. दवाखान्यात बायका आल्या की पडद्यामागं तुम्ही त्यांच्याजवळ बसायच्या. किनवटच्या जंगलाकडून येणाऱ्या माणसांच्या अंगावर बिब्ब्याचे डाग असायचे. दुखलं, सुजलं, गाठ आली, की बिब्ब्याचं फळ सुईला टोचायचं, दिव्यावर धरायचं आणि त्याचं उकळतं तेल दुखऱ्या जागेभोवती लावायचं. कातडी भाजते, फोड येतो, पाणी वाहतं. लोकांना वाटतं की आतलं वाईट बाहेर पडलं. मी त्यांच्यावर तोंडसुख घ्यायचो. एकाला तर म्हणालो होतो, ‘पुढच्या बारीला बिब्बेवाल्याकडूनच औषध घेऊन ये.’ तुम्ही रागावत नव्हता. तुम्ही बघत होतात. एके दिवशी म्हणालात, ‘गाठीवर बिब्बा घातलेल्या बायका आल्या की काखंत दुसऱ्या गाठी सापडतात. न घातलेल्यांला कमी.’

मी म्हणालो, ‘बिब्बा घालण्यात वेळ घालवतात, उशिरा येतात, म्हणून.’

‘असंल. पन हे दोन येगळं कसं काढायचं? उशीर किती आन् बिब्बा किती?’

मी काहीतरी बोललो. काय ते आता आठवत नाही, म्हणजे ते लक्षात ठेवण्यासारखं नसणार.

गेल्या वर्षी थंडीत, एका दुपारी, तुम्ही नेहमीसारख्या वर आलात, पण खुर्दबिनीकडं गेला नाहीत. सुमनला हाक मारून वर बोलावलंत. दार लावून घेतलंत आणि तिचा हात धरून आपल्या डाव्या छातीवर ठेवलात. सुमनचा चेहरा मी पाहिला. मग मलाही तपासावं लागलं. मी भिंतीकडं बघत तपासलं. बोराएवढी गाठ, दुखत नव्हती, बोटाखाली सरकत होती. काखेत काही नव्हतं. तुम्हीच म्हणालात, ‘सरतान ना?’ भाजीचं नाव घ्यावं तसं. मी म्हणालो, उस्तादांना विचारतो.

उत्तर आठ दिवसांत आलं. पोस्टमननं ते दवाखान्यात दिलं, म्हणून मी एकट्यानं आधी वाचलं. घरी आलो तर तुम्ही माडीवर स्टुलावर बसलेल्या. म्हणालात, ‘वाचा.’

मी वाचलं, वहिनी. उर्दू कागद हातात धरून तुम्हाला मराठीत सांगत गेलो, जसं नेहमी सांगायचो. सुरुवातीची खुशाली सांगितली, तुम्हाला धाडलेला सलाम सांगितला. मधल्या मजकुराशी आलो आणि तो गिळला. तिथं लिहिलं होतं की गाठ अजून लहान आहे आणि सुटी आहे. याच आठवड्यात रुग्णाला घेऊन निघ, सर्जनशी मी बोललो आहे. तोपर्यंत शेक, लेप, जळवा, कशानंही त्या जागेला डिवचू नकोस. मी तुम्हाला सांगितलं की उस्ताद म्हणतात, काही आठवडे नजर ठेवू आणि इथले उपाय करून बघू. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत होतात.

‘एवढंच लिवलंय?’

‘एवढंच.’

का केलं, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, मीच सांगतो. शिकत असताना मी असल्या एका ऑपरेशनला दिवा धरून उभा होतो. बाई तुमच्याच वयाची होती, तुमच्यासारखीच काळीसावळी. ती टेबलावरून उठली नाही. तिच्या नवऱ्याला बाहेर जाऊन सांगायचं काम विद्यार्थ्यांपैकी ज्याच्यावर आलं, तो मी होतो. पत्र वाचताना मला तो व्हरांडा दिसला आणि तिथल्या बाकावर दादा बसलेला दिसला. हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त लाज आणतं. मला माझ्या सिपायांवर विश्वास होता. धावरं, म्हणजे कातडीची पसरती लाल सूज, होऊन जोराचा ताप आला आणि त्यात असली गाठ विरघळली, असे एक-दोन दाखले मी पुस्तकात वाचले होते. वाटलं, सूज आणली तर सिपाही येतील. तुम्हाला चाकूशिवाय वाचवीन आणि दहा वर्षांचं भांडणही जिंकेन. वहिनी, त्या दोन्हींतलं कुठलं कारण मोठं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

फोड आणणारा विलायती लेप तिकडं चाललेल्या महायुद्धामुळं मिळेनासा झाला होता. तेव्हा ज्या डॉक्टरनं किनवटच्या माणसांना जन्मभर झापलं, त्यानं बाजारातून बिब्बे मागवले. पुडी सोडली तेव्हा तुम्ही किती हसलात! ‘डॉक्टरनं लावला की बिब्ब्याचं औषध होतं का हो?’ मी लेक्चर दिलं: मात्रा, अंतर, गाठीवर नाही तर गाठीभोवती. तुम्ही हात वर करून मला थांबवलंत. ‘लावा भावजी. सिपाही येतात का मुंग्या, एकदा कळू तर द्या.’ सुमन पाठ फिरवून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ती जागा लालभडक झाली, टम्म सुजली, ताप चढला. आणि मी, वहिनी, मी आनंदात होतो. तुमच्या कपाळावर हात ठेवून म्हणालो, ‘निघाले सिपाही.’ तुम्ही तापातही म्हणालात, ‘कुणाच्या बाजूनं?’

तीन वेळा लावला. सहाव्या आठवड्यात काखेतल्या गाठी माझ्याआधी तुम्हालाच सापडल्या.

मग घाईघाईनं हैदराबाद. दादाला एवढंच सांगितलं की इथले उपाय चालेनात, मोठ्या दवाखान्यात दाखवू. सर्जननं काखेतली एक गाठ काढली आणि बाकीला हात लावायला नकार दिला. उस्तादांनी मला त्यांच्या खोलीत बोलावून त्यांच्या खुर्दबिनीपाशी बसवलं. काखेतली गाठ म्हणजे पांढऱ्या पेशींचंच घर. तिथंच त्या राहतात, तिथूनच निघतात. त्या काचेवर घर भरलेलं होतं, आणि त्याच्या मधोमध सरतान पाहुण्यासारखं बसलेलं. कुठं झटापटीची खूण नाही. मी विचारलं, ‘हजरत, मी जागा भाजली म्हणून गेलं का इथपर्यंत?’ ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, ‘बोल नहीं सकता, मियाँ. आग न लगाते तो भी शायद जाता. शायद नहीं जाता.’ पत्राबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

परतीच्या गाडीत दादा निजामाबादला चहा आणायला उतरला तेव्हा तुम्ही विचारलंत, ‘काय दिसलं काचंवर?’ तेवढं मात्र मी खरं सांगितलं. सिपायांच्या घरातच जाऊन बसलंय म्हणालो. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. ‘म्हणजे मी जिंकले की,’ म्हणालात, आणि हसायला गेलात, आणि मग पदर तोंडाला लावून रडलात. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला रडताना पाहिलं नव्हतं. दादा कप घेऊन आला तेव्हा तुम्ही डोळे पुसून त्याला म्हणालात, कोळसा गेला डोळ्यात.

तुम्ही जिंकलात असंही मी म्हणणार नाही. बघा, पुन्हा भांडतोय. एका काचेवरून काही ठरत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंय. उशीर किती आणि बिब्बा किती, हे मला तुमच्या बाबतीतही वेगळं काढता येत नाही. कुठंतरी कुणीतरी पुढं हे शोधून काढेल. त्या पेशी कधी राखण करतात आणि कधी वाट दाखवतात, हे एखाद्या शहाण्या माणसाला कळेल आणि तो ते पुस्तकात लिहील. त्याच्या पुस्तकात अहमदपूरची करडई असणार नाही. मला त्या माणसाचा आत्ताच हेवा वाटतो, आणि खरं सांगू का, रागही येतो. त्याला ते तुम्हाला सांगता येणार नाही.

माझ्यानं दुपार काढवत नाही, वहिनी. खिडकीतलं ऊन त्याच वेळी स्टुलावर येतं. काल हैदराबादहून नव्या काचा आल्या, तुमच्या आजारात पाठवलेल्या तुकड्यांच्या. मी एक लावली, पाहिली आणि सहज बाजूला सरकलो, तुम्हाला जागा करून द्यायला. मग तसाच उभा राहिलो. आजवर किती माणसांना मी रोगाची नावं सांगितली, पण माझ्या सांगण्यावर ‘हे कशावरून’ म्हणणारं माणूस घरात एकच होतं. सुमन चांगली आहे, दादा चांगला आहे, दोघंही माझं खरं मानतात. मला कुणीतरी माझं खोटं पाडायला पाहिजे आहे. तुम्ही पाहिजे आहात.

शेवटचे दोन महिने तुम्ही खालच्या खोलीत खाटेवर होतात. तिथूनही विचारायच्या, आज कुणाचा तुकडा आला, दाटी हाय का. बोलवेनासं झालं तेव्हा भुवया उंचावून विचारायच्या. पत्राचा विषय तुम्ही कधीच काढला नाहीत. पण एकदा, सुमन पाणी आणायला गेली होती तेव्हा, तुम्ही म्हणालात, ‘भावजी, मला उर्दू शिकवायची राहिली तुमची.’ मी उशी सारखी करत होतो, ती करतच राहिलो. तुम्हाला कळलं होतं का? कधी कळलं? त्याच दुपारी, माझ्या तोंडाकडं बघताना? आणि कळूनही तुम्ही बिब्ब्याला हो म्हणालात का? हे मी तुम्हाला विचारू शकलो असतो. दोन महिने विचारू शकलो असतो.

उद्या तेरावा. लातूरहून, अहमदपूरहून तुमची माणसं येतील. मला चार लोकांत बोलायला सांगतील, कारण मी डॉक्टर, मी शिकलेला. धाकट्या दिरानं वहिनीसाठी जिवाचं रान केलं असं सगळे म्हणतील. दादा तर बारा दिवस हेच म्हणतोय. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, ‘हा होता म्हणून एवढे दिवस तरी निघाले.’ प्रत्येक वेळी मी मान खाली घालतो आणि लोकांना तो विनय वाटतो.

म्हणून आज दुपारी मी ते पत्र काढलं आणि दादाच्या हातात दिलं. ओसरीवर तो उद्यासाठी पत्रावळी मोजत बसला होता. दादाचा जन्म कचेरीतल्या उर्दू कागदांत गेला. त्याला ते वाचायला किती वेळ लागणार? त्यानं एकदा वाचलं, तारीख पाहिली, बोटांवर महिने धरले, पुन्हा वाचलं. मी सगळं सांगितलं. तुम्हाला काय सांगितलं, काय गाळलं, बिब्बा कशासाठी लावला. तो म्हणाला, ‘आता बोलू नको माझ्यासंगं.’ मी उठलो नाही. पत्रावळी तशाच पडल्या होत्या.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, ‘बिब्बा लावला तवा तिला लई दुखलं का?’

‘हाव, दादा.’

‘मला म्हणली, काहीच कळलं न्हाई.’

मग पत्राची घडी घालत, माझ्याकडं न बघता म्हणाला, ‘हे माझ्या हातात पडलं असतं, तर मीबी तिला वाचून दाखवलं नसतं. तिनं ऑपरेशनला हो म्हणलं असतं ना. आन् मला टेबलापर्यंत नेऊन सोडायचं धाडस झालं नसतं.’ पत्र त्यानं मला परत केलं नाही. स्वतःच्या खिशात ठेवलं.

त्यानं मला माफ केलं असं मी समजत नाही. तुमचं तर विचारायलाही जागा उरली नाही. एवढंच करता येतं की तुमचं पत्र तुम्हाला पोचवायचं. त्यातली शेवटची ओळ मी दादाला सांगितली नाही, ती त्यानं स्वतःच वाचली. आणि इथंही आतापर्यंत लिहिली नव्हती. कागद जवळ नाही, पण ती मला पाठ आहे. आज तुमच्याच भाषेत सांगतो, वहिनी, एक अक्षर न गाळता:

‘आणि हे पत्र तुझ्या वहिनींना तू पूर्ण वाचून दाखव, शरीर त्यांचं आहे, आणि ठरवण्याची अक्कल त्यांना तुझ्यापेक्षा जास्त आहे.’